पूर आला, रजा कुठल्या खात्यात टाकायची?

ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट, भाच्याचा फोन आला, "मामा, पूर आला तर सिक लीव्ह मिळते ना हो? कंपनीने माझे पैसे कापलेत." मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये पंचवीस वर्षं मस्टर (हजेरीचं रजिस्टर) भरलंय, त्यामुळे घरात कोणाचाही पगार कापला गेला की फोन मलाच येतो. म्हटलं आधी पे-स्लिपा घेऊन ये, ऑगस्टची पण आण आणि सप्टेंबरची पण. संध्याकाळी आला, येताना सेव-उसळ घेऊन आला, म्हणजे काम मोठं होतं.

आता त्याचं झालं काय होतं ते आधी सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सोमवार २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती, पाऊस तेव्हापासूनच धो धो, मग आजवा धरणाचं पाणी आणि वरून येणारं सगळं पाणी विश्वामित्रीत. नदीची धोक्याची पातळी २५ फूट, ती केव्हाच मागे पडली आणि अकोटा, मुजमहुडा, समा, फतेगंज, सगळीकडे पाणी शिरलं, रस्त्यावर मगरी निघाल्या ते व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील. भाचा राहतो मुजमहुड्याला, तळमजल्यावर. मंगळवारी २७ ला कारखाना चालू होता पण हा घरातून निघूच शकला नाही. बुधवारी २८ ला कारखान्यातच पाणी, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की आज कोणी येऊ नका. गुरुवारी २९ ला कारखाना परत चालू झाला पण हा घरातला चिखल काढत होता, फ्रिज उलटा पडलेला, गाद्या फुगलेल्या, आईला बीपी. शुक्रवारी कामावर गेला. पुढे ८ सप्टेंबरच्या रविवारी कंपनीने सगळ्यांना बोलावून काम करून घेतलं, त्या दिवशी ह्यांच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं, तरी गेला बिचारा. आणि ११ तारखेपासून ताप, रिपोर्टमध्ये डेंग्यू, १८ पर्यंत घरी.

स्लिपमध्ये काय? ऑगस्टला तीन दिवस बिनपगारी, सप्टेंबरला ताप आलेले सगळे दिवस बिनपगारी. एका पुरात हिशोबाने चार वेगवेगळ्या गोष्टी घडल्या होत्या आणि कंपनीने चारही एकाच खात्यात टाकून दिल्या, अ‍ॅबसेंट. खरं तर ह्या चारांचे नियम वेगळे, पैसे देणारे वेगळे, आणि एका ठिकाणी तर देणारं कोणीच नाही.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की आपल्याकडे "आपत्तीची रजा" नावाचं काही आहे. प्रायव्हेट नोकरीत तसं काही नाही. कायदा ताप बघतो, घरातलं पाणी बघत नाही. तुम्ही आजारी पडलात तर त्याच्यासाठी एक कपाट आहे, कारखाना बंद पडला तर दुसरं आहे, पण तुम्ही धडधाकट आहात, कारखाना पण चालू आहे, फक्त मधे नदी आहे, तर त्याच्यासाठी कपाटच नाही. मस्टरमध्ये आम्ही हजर असेल तर पी लिहायचो, गैरहजर असेल तर ए लिहायचो, सीएल म्हणजे किरकोळ रजा, पीएल म्हणजे साठवलेली भरपगारी रजा, डब्ल्यूओ म्हणजे आठवड्याची सुट्टी, पण पुरासाठी अक्षर नव्हतं. ३१ जुलै २०१९ ला जेव्हा बडोद्यात एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला तेव्हा आमच्या साहेबांनी मला विचारलं होतं की ह्यांना काय लिहायचं, आणि मी पेन्सिलीने नुसती रेघ मारून ठेवली होती दोन दिवस. पेन्सिलीने, कारण नंतर काय ठरेल ते माहीत नव्हतं.

तापाचं आधी घेतो कारण तिथे पैसे खरंच मिळतात आणि लोक सोडून देतात.

तुमचा पगार महिना २१,००० किंवा त्याच्या आत असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते (जुलै २०१९ पासून हे दर आहेत, त्याआधी आपले १.७५ जायचे). लोकांना वाटतं हे फक्त दवाखान्यासाठी आहे, औषधं मिळतात तिथे, लाईन मोठी असते म्हणून जायचं नाही. पण त्यात आजारपणाचे रोख पैसे पण असतात. आजारी पडून कामावर जाता आलं नाही तर सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. हे कंपनी देत नाही, ईएसआय कॉर्पोरेशन देतं, तुमच्या बँक खात्यात. म्हणजे शेठला त्यात एक रुपया पण जास्त लागत नाही, तरी बऱ्याच ठिकाणी टाइम ऑफिसवाले कामगाराला सांगत नाहीत. हे मी आमच्याच जातीतल्या लोकांबद्दल सांगतोय, टाइम ऑफिसवाल्यांच्या जातीतल्या, आळस दुसरं काही नाही.

आता ह्याच्या अटी, इथे जरा नीट बघा. वर्षाचे दोन तुकडे केलेत. १ एप्रिल ते ३० सप्टेंबरमध्ये जे भरलं त्याचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये, आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्चमध्ये भरलेल्याचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. भरायच्या सहा महिन्यात निदान ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन पाहिजे. भाचा सप्टेंबर २०२४ मध्ये आजारी पडला, म्हणजे बघायचं ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४, तेव्हा तो कामावर होताच, सगळे दिवस भरलेले, म्हणजे पात्र. अगदी नवीन लागलेल्या पोराला मात्र रोख लाभासाठी साधारण नऊ महिने थांबावं लागतं, दवाखाना आणि औषध पहिल्या दिवसापासून. पगार मधेच २१,००० च्या वर गेला तर तो सहा महिन्यांचा तुकडा संपेपर्यंत तुम्ही आतच राहता, लगेच बाहेर पडत नाही.

आणि पहिले दोन दिवस मिळत नाहीत, वेटिंग. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत परत आजारी पडलात तर ते दोन दिवस परत कापत नाहीत. रविवार वगैरे सगळे दिवस धरतात. भाच्याचे आठ दिवस, त्यातून दोन गेले, राहिले सहा. रोजची सरासरी साधारण ७०० धरली तर ७० टक्के म्हणजे ४९०, गुणिले सहा, २,९४० रुपये. त्याला वाटत होतं शून्य. २,९४० मध्ये फ्रिजची दुरुस्ती झाली असती राव.

ते वेटिंगचे दोन दिवस कंपनीच्या सिक लीव्हमध्ये टाकता येतात जर कंपनी देत असेल तर, आणि पुढचे ईएसआयकडून. पण एकाच दिवसाचा पगार कंपनीकडून पण आणि ईएसआयकडून पण असं चालत नाही, ज्या दिवसाची भरपगारी रजा घेतली त्या दिवसाचा सिकनेस बेनिफिट मिळत नाही, म्हणून अर्ज करताना कुठला दिवस कुठे ते आधी कागदावर मांडून घ्या.

अडतं कुठे तर सर्टिफिकेटवर. ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. पुरानंतर कोण जाणार ईएसआय दवाखान्यात, तिथे पण गर्दी, भाचा कारेलीबागेतल्या प्रायव्हेट डॉक्टरकडे गेला, ५०० रुपये फी, लॅबचे वेगळे. प्रायव्हेट डॉक्टरचा कागद अगदीच फेकायचा नसतो, दुसरा पुरावा म्हणून ईएसआय तो तपासून मान्य करू शकतं, पण ते त्यांच्या हातात. म्हणून माझं सांगणं असं की ताप आला की पहिल्या-दुसऱ्या दिवशी ईएसआय दवाखान्यात एकदा तोंड दाखवून नाव नोंदवून घ्या, मग उपचार कुठे घ्यायचे ते घ्या. पुरानंतर आठ-पंधरा दिवसांनी डेंग्यू, टायफॉइड, कावीळ, उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टो, हे सगळं येतंच, पाणी ओसरलं म्हणजे संपलं असं नसतं, उलट रजेचं खरं काम तेव्हाच सुरू होतं. आणि ईएसआयमधून आजारपणाचे पैसे चालू असताना कंपनी तुम्हाला काढून टाकू शकत नाही की शिक्षा करू शकत नाही, हे पण कायद्यात लिहिलेलं आहे.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत आहे. कामावर जाताना किंवा येताना रस्त्यात अपघात झाला, समजा पाण्यात उघडं गटार दिसलं नाही आणि पाय मोडला, तर तो वेळ, जागा आणि कामाचा संबंध जुळत असेल तर नोकरीतलाच अपघात धरला जातो, २०१० मध्ये ईएसआय कायद्यात ही सुधारणा झाली. त्यात ७० नाही, ९० टक्के मिळतात आणि ७८ दिवसांची अट पण नाही. म्हणजे बघा गंमत, पुरात कामावर जायला निघालात आणि पडलात तर ९० टक्के, शहाणपणा करून घरीच थांबलात तर शून्य.

ज्यांचा पगार २१,००० च्या वर त्यांचं काय? त्यांचं सगळं कंपनीच्या पॉलिसीवर, किंवा दुकान-ऑफिस असेल तर राज्याच्या शॉप्स अ‍ॅक्टमधल्या रजांवर. अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा एकदा, खरंच, पावसाळ्याच्या आधी वाचा.

आता २८ तारीख, कारखाना बंद. ह्याला कायद्याच्या भाषेत ले-ऑफ म्हणतात. लोक ले-ऑफ म्हणजे काढून टाकणं समजतात, पेपरवाले पण तसंच लिहितात, पण आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे नाव मस्टरवर आहे पण मालक काम देऊ शकत नाही. कारणांच्या यादीत कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बिघडलं, आणि नैसर्गिक आपत्ती पण आहे, स्पष्ट शब्दात. तेव्हा बेसिक आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) ५० टक्के मिळतात. मोठ्या कारखान्याला एरवी ले-ऑफ करायला सरकारची आधी परवानगी लागते पण आपत्ती असेल तर ती पण नाही लागत, जे बरोबरच आहे, पाणी काय परवानगी घेऊन येतं का.

पण तीन गोष्टी आड येतात. एक, कारखान्यात निदान ५० कामगार पाहिजेत. आपल्या जीआयडीसीत किती शेडमध्ये ५० असतात? भाच्याच्या कंपनीत मस्टरवर ३२, बाकीचे कॉन्ट्रॅक्टरचे, म्हणजे कायद्याने ले-ऑफचे पैसे नाहीत. दोन, एक वर्षाची सलग नोकरी पाहिजे, दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या बदली कामगाराला नाही. तीन, आणि हे मला पंचवीस वर्षांत कधी पटलं नाही, तुम्ही रोज ठरलेल्या वेळेला गेटवर हजर झालं पाहिजे. हजर झालात आणि दोन तासात काम दिलं नाही तर त्या दिवशी ले-ऑफ धरतात. हजर नाही झालात तर पैसे नाहीत. म्हणजे कारखाना बुडालाय हे सगळ्यांना माहीत, तरी कामगाराने छातीभर पाण्यातून गेटपर्यंत जाऊन तोंड दाखवायचं. हा नियम वीज नाही, कोळसा नाही अशा दिवसांसाठी ठीक होता, १९४७ चा कायदा आहे, तेव्हा फोन कुठे होते. नैसर्गिक आपत्ती हा शब्द नंतर यादीत घातला पण हजेरीची अट तशीच ठेवली. आता मालक स्वतःच मेसेज टाकतो की येऊ नका, तर तो मेसेज डिलीट करू नका, त्याचा स्क्रीनशॉट म्हणजे काम आम्हीच दिलं नाही ह्याचा मालकाच्याच हातचा पुरावा. ग्रुपमध्ये मेसेज आपोआप गायब होणारी सेटिंग असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

बरं, छोट्या कंपन्या मग काय करतात तर रविवारी भरून घेतात. "बंद राहिलेला दिवस रविवारी भरून द्या", सगळ्या बडोद्यात हेच चालतं, कामगारांना पण चालतं कारण पगार कापला जात नाही. पण त्याला पण नियम आहे, फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे रविवारच्या बदल्यात जी सुट्टी द्यायची ती त्या रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत असली पाहिजे. २८ ऑगस्टचा बुधवार आणि ८ सप्टेंबरचा रविवार, कुठे जुळतं? आणि ते सोडा, भाच्याच्या केसमध्ये तर कमालच होती. रविवारी काम पण करून घेतलं आणि ऑगस्टच्या स्लिपमध्ये २८ ची बिनपगारी पण तशीच राहिली, सप्टेंबरमध्ये रविवारचा पगार पण नाही. म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन सोडून पोराने फुकट काम केलं. मी त्याला म्हटलं बाकीचं राहू दे, हा एक दिवस तर आजच माग, ह्यात वाद घालायला जागाच नाही. मला वाटतं मुद्दाम नसावं, सॉफ्टवेअरमध्ये ऑगस्ट लॉक झाला असणार आणि कोणी परत उघडून बघितलं नाही.

राहिले २७ आणि २९. कंपनी चालू, हा पोचला नाही, आजारी पण नाही. इथे कायदा गप्प. फक्त स्वतःची शिल्लक रजा. पीएल म्हणजे फॅक्टरीत आधीच्या वर्षी २४० दिवस भरले की दर २० दिवसांना एक, ती भाच्याने बहिणीच्या लग्नात संपवलेली. (ले-ऑफचे दिवस त्या २४० मध्ये धरतात, हे पण लक्षात ठेवा, पगार अर्धा मिळाला किंवा नाही मिळाला तरी दिवस मोजायचा.) आणि त्या पीएलच्या नियमात एक वाक्य आहे जे वाचून मला नेहमी वाटतं की कायदा लिहिणारा माणूस दयाळू होता पण कोरड्या गावातला होता. पीएलसाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, पण आजारपणासाठी पीएल पाहिजे असेल तर आधी अर्ज दिला नसला तरी द्यावी लागते. आजारपणासाठी. पुरासाठी तसं नाही लिहिलेलं. पंधरा दिवस आधी कोण सांगणार की मुजमहुड्यात पाणी शिरणार म्हणून.

हे असं का आहे त्याचं मला वाटतं कारण जुनं आहे. १९४३ मध्ये सरकारने प्रोफेसर बी. पी. आडारकर ह्यांना कामगारांच्या आरोग्य विम्यावर रिपोर्ट करायला सांगितलं, १९४४ मध्ये त्यांनी तो दिला, त्यावरून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूरला योजना सुरू झाली. त्या वेळचा विचार असा की एकेक कामगार आजारी पडतो, बाकीचे कामावर असतात, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि पडलेल्याला द्यायचं. विमा असाच चालतो. पण पूर आणि साथ ह्यात सगळा मोहल्ला एकदम पडतो, आणि माणूस नाही पडत, घर पडतं. कायद्यातली आजारपणाची व्याख्याच अशी की वैद्यकीय उपचार लागतील आणि त्यामुळे कामावर जाता येणार नाही अशी अवस्था. घराला ताप येत नाही.

कोविडमध्ये हेच उघडं पडलं. शेजारी पॉझिटिव्ह म्हणून गल्लीला पत्रे ठोकले, आतला माणूस ठणठणीत, सर्टिफिकेट कोण देणार? तेव्हा सरकारने आजारपणाचा कायदा बाजूला ठेवून २०२० च्या २९ मार्चला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली हुकूम काढला की लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना पूर्ण पगार द्या, कापू नका. कामगार खूश, पण मालक कोर्टात गेले, १८ मेपासून हुकूम मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तेवढ्या ५४ दिवसांच्या पगाराचं मालक आणि कामगारांनी बसून बोलून ठरवा, मालकांवर जबरदस्तीची कारवाई नको. बसून बोलून म्हणजे काय ते ज्यांनी नोकरी केलीय त्यांना सांगायला नको.

आणि आपल्या गुजरातमध्ये तर उलटंच झालं. १७ एप्रिल २०२० ला राज्य सरकारने नोटिफिकेशन काढून कारखान्यांना १२ तासांची पाळी, आठवड्याला ७२ तास अशी सूट दिली, आणि जास्तीच्या तासांना डबल ऐवजी साधाच रेट. ह्याच्याविरुद्ध गुजरात मजदूर सभा ही कामगार संघटना सुप्रीम कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला कोर्टाने ते रद्द केलं, म्हटलं की महामारीमुळे आलेली मंदी म्हणजे फॅक्टरी अ‍ॅक्टमधली "सार्वजनिक आणीबाणी" नाही, ते कलम युद्ध वगैरे देशाच्या सुरक्षेला धोका असतो त्याच्यासाठी आहे, आणि ओव्हरटाइम पूर्ण द्या. मला हा निकाल फार आवडतो. संकट आलं म्हणून कायदा कुठल्याही बाजूला ताणता येत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो, वकील लोक अजून बारीक सांगतील.

सेंट्रल गव्हर्नमेंटच्या लोकांना मात्र वेगळे आदेश निघाले होते, घरातलं अवलंबून असलेलं माणूस पॉझिटिव्ह आलं तर १५ दिवस स्पेशल कॅज्युअल लीव्ह, म्हणजे आपली रजा न खाता. बँकेतला माझा साडू हे वाचून म्हणाला, बघ, ठरवलं तर होतं.

पीएफमधून कोविड अ‍ॅडव्हान्स पण मिळत होता, तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा शिल्लकीच्या ७५ टक्के, जे कमी असेल ते. चांगलं होतं, पण ते स्वतःचेच म्हातारपणाचे पैसे, रजा नाही ती.

बाहेर काय करतात बघायचं असेल तर, बडोद्यात प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत असतंच, माझी पुतणी डेन्व्हरला आहे, कोलोरॅडो राज्य. तिकडे दर ३० तास कामाला एक तास भरपगारी आजारपणाची रजा जमा होते, वर्षाला ४८ तासांपर्यंत, आणि सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर झाली की एकूण ८० तासांपर्यंत वर जाते. आणि २०२३ मध्ये त्यांनी त्याच रजेत अजून कारणं घातली, घर सोडून बाहेर पडावं लागलं तर, खराब हवामानामुळे मुलाची शाळा बंद झाली तर. म्हणजे तिकडच्या कायद्याने घराला आजारी पडायची परवानगी दिली. सगळी अमेरिका अशी नाही हं, २०२० मध्ये केंद्राने ५०० च्या आतल्या कंपन्यांना कोविडसाठी दोन आठवडे भरपगारी रजा सक्तीची केली होती, ती सक्ती डिसेंबरअखेर संपली, आता राज्याराज्यावर आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये चार लेबर कोड, म्हणजे कामगारांचे नवीन एकत्र केलेले कायदे, लागू झाले, जुने ईएसआय, फॅक्टरी, इंडस्ट्रियल डिस्प्युट्स हे कायदे त्यात गेले. वर सांगितलेले नियम भाच्याच्या वेळचे. नवीन कोडात कलमांचे नंबर बदलले, वार्षिक रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात, हे बरं झालं. पण ले-ऑफची ५० टक्के आणि ५० कामगारांची अट तीच, गेटवर हजर राहायचं पण तेच. पुराचं अक्षर अजून पण नाही.

हे सगळं भाच्याला समजावताना बायको आतून ऐकत होती. ती म्हणाली, आणि आपल्या मंजूबेनचं काय? मंजूबेन आमच्याकडे भांड्याला येतात, त्यांच्या वस्तीत पण पाणी होतं, सहा दिवस आल्या नाहीत. त्यांना ना ईएसआय ना पीएल ना ले-ऑफ, त्यांची टाइम ऑफिस म्हणजे आमची बायको. मी विचारलं कापले का तू? म्हणाली दोन दिवसांचे कापले होते, मग दिवाळीला दिले. मी गप्प बसलो कारण त्या महिन्यात पैसे मीच काढून दिले होते आणि मी पण विचारलं नव्हतं.

तर भाच्याचं शेवटी असं झालं. मी त्याला एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या, प्रत्येक तारखेसमोर कारण आणि मागणी वेगळी. २७ ला उरलेली एक सीएल टाका. २८ च्या बदल्यात ८ सप्टेंबरला काम केलंय, पगार द्या, सोबत व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट आणि रविवारची पंचिंग. ११ ते १८ साठी कंपनीने ईएसआयच्या क्लेमला गैरहजेरीचा दाखला द्यावा. २९ पुढे मी काहीच लिहू शकलो नाही, विनंती आहे एवढंच. रागाने नाही लिहायचं असं सांगितलं, तिकडे बसलेला पोरगा पण स्लिपा बनवून कंटाळलेला असतो.

सीएल लागली. रविवारचे पैसे ऑक्टोबरच्या पगारात आले. ईएसआयवाल्यांनी प्रायव्हेट डॉक्टरचे कागद, लॅबचा रिपोर्ट सगळं मागितलं, दोन खेपा झाल्या, जानेवारीत खात्यात जमा झाले. २९ ऑगस्ट बिनपगारीच राहिली.